चोविसावा गोळा

४ नोव्हेंबर

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता ठेवून देशील, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला आहे. आत मीच आहे. आता फोडलंच आहेस तर वाच.

आपली लाईन पुन्हा सुरू होते आहे. तुमच्या जंक्शनला ही बातमी माझ्याआधी पोचली असेल, पण इकडच्या टोकाला काय चाललं आहे ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून लिहितो. एकोणीस वर्षं जिथे बाभळी माजल्या होत्या तिथे आता दिवसभर खडी पडते आहे. माझ्या जुन्या क्वार्टरसमोरचा फलाट धुऊन काढला. खाली जुनी पिवळी रेघ अजून शाबूत निघाली.

या कामावर एक इंजिनीअर मुलगी आली आहे. सदान्‌कदा हातात टेप, म्हणून मी तिचं नाव टेपवाली ठेवलं. पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाली, आजोबा, तुम्ही इथले शेवटचे स्टेशन मास्तर ना, मग रुळांखालच्या पाण्याच्या मोऱ्या कुठे कुठे होत्या ते दाखवा, नकाशात अकरा आहेत आणि मला नऊच सापडतात. मी तिला गुडघे धरत धरत तेरा दाखवल्या. तेव्हापासून माझा भाव वधारला आहे. तुझी वहिनी म्हणते, निवृत्त माणसाला कुणी काही विचारलं की त्याला जेवण गोड लागतं. लागतं खरं.

तुमच्या बाजूला म्हणे आपली लाईन जिथे मुख्य मार्गाला मिळायची तिथले ऐंशी मीटर रूळ उपटून सायकलींची शेड बांधली आहे. ती पाडणार आहेत. एवढे ऐंशी मीटर जोडले की झालं.

वीस डिसेंबरला पहिली गाडी. इथून सुटायची वेळ पावणेदहा, तुमच्याकडे साडेदहाला. हिरवा झेंडा मी दाखवायचा, असं साहेबांनी ठरवलं आहे. तू आणि जावईबापूंनी तिकडच्या फलाटावर यावं असं मला वाटतं. झालं गेलं ते एकोणीस वर्षांपूर्वी. आईच्या वेळी काय घडलं ते तुलाही माहीत आहे, मलाही. मी फलाटावर जे बोललो ते दुःखाच्या भरात बोललो, आणि जावईबापूंनीही त्या दिवशी नियमाचं पुस्तक थोडं बाजूला ठेवलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच माझं म्हणणं होतं. दोघांनीही दोन पावलं मागे यायला हरकत नाही.

उत्तर पाठव. फोन नंबर माझ्याकडे नाही.

दादा


२२ नोव्हेंबर

बारके,

उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं. वहिनीने विचारलं, काय लिहिलं होतंत. मी सांगितलं. ती म्हणाली, 'दोघांनी दोन पावलं' असं लिहिलंत? मग कशाला येईल उत्तर. आणि भाजी चिरत बसली.

आज दुसरंच लिहायचं आहे.

परवा टेपवालीने माझ्या जुन्या ऑफिसचं कुलूप तोडलं. टेबल वाळवीने खाल्लं, भिंतीवरचं घड्याळ कुणी नेलं, पण टोकनचं यंत्र जागच्या जागी आहे. नवी लाईन काँप्युटरवर चालणार, तिला या यंत्राचा उपयोग नाही. पण तिला ते काचेच्या कपाटात घालून स्टेशनात मांडायचं आहे, आणि मुलांना वाचायला खाली पाटी लावायची आहे. तेव्हा मला बसवून तिने सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, एकेरी लाईन होती, समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ही सोय. एक यंत्र इथे, एक जंक्शनला, दोन्ही तारेने जोडलेली. यंत्रात लोखंडी गोळे, मुठीत मावतील एवढे. जंक्शनच्या मास्तरने तिकडून कळ दाबली तरच इथून एक गोळा निघणार. तो चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर इंजिन हलवत नाही, मग बाहेर प्रलय येवो. आणि तो गोळा पलीकडच्या यंत्रात पडल्याशिवाय दुसरा निघत नाही.

तिने सुईकडे बोट दाखवलं. म्हणाली, आजोबा, ही सुई 'गाडी येत आहे' वर का अडकली आहे?

मी म्हणालो, गंजली असेल.

काल तिने इथलं यंत्र उघडलं, आणि जंक्शनचं तिथल्या माणसाकडून उघडवून आकडा फोनवर घेतला. दोन्हींत मिळून चोवीस गोळे असायला हवेत. तेवीस निघाले. ती मला म्हणाली, चोविसावा कुठे गेला असेल, काही आठवतं का? मी म्हणालो, एवढी वर्षं झाली, कोण सांगणार. ती बिचारी पुन्हा मोजायला गेली. तिने इथले सगळे गोळे तीनदा मोजले आणि मी खुर्चीत बसून बघत राहिलो.

बारके, चोविसावा गोळा माझ्या कपाटात आहे. लोकरी कपड्यांच्या खाली, खालच्या कप्प्यात.

आज एवढंच लिहवतं आहे. उद्या पुढचं लिहितो.

दादा


२३ नोव्हेंबर

बारके,

रात्र गेली ती गेली. आता सकाळचे दहा वाजले आहेत आणि मी जेवणाच्या टेबलावर चष्मा पुसून बसलो आहे. वहिनीला सांगितलं आहे की पत्र पुरं होईपर्यंत मला उठवू नको.

शेवटच्या दिवशीची शेवटची गाडी आठवते तुला? तू आली नव्हतीस, जावईबापू त्याच गाडीने निरोपाच्या कार्यक्रमाला आले होते आणि संध्याकाळी बसने परतले. त्या गाडीच्या ड्रायव्हरची त्याच दिवशी निवृत्ती होती. अठ्ठावीस वर्षं त्याने या एकाच लाईनवर गाडी चालवली. साहेबांची भाषणं चालली होती आणि हा गडी पुढच्या रांगेत गोळ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पोचल्यावर ती लगेच माझ्याकडे द्यायची असते. त्याने दिली नाही आणि मी मागितली नाही. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला, पिशवी ठेवली आणि तिच्यावरचा हात काढेना.

गोळा मी यंत्रात टाकायला हवा होता. टाकला की सुई फिरते, जंक्शनला घंटा जाते, गाडी पोचली अशी नोंद होते. मला वाटलं, आता कुणासाठी? लाईन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस येऊन यंत्रं सील करणार होते, आणि फलाटावर उभी असलेली रिकामी गाडी त्यांच्याच लेखी परवान्यावर परत जायची होती. गोळ्याची गरज कुणालाच उरली नव्हती. मी तो गोळा त्याच्या पिशवीतून काढून त्याच्या कपड्यांच्या बॅगेत घातला आणि म्हणालो, घेऊन जा, घरी ठेवा. तो रडला. मीही डोळे पुसले. आयुष्यात नियमाबाहेर जाऊन मी केलेलं ते एकच काम, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तो संध्याकाळच्या बसने गेला. सकाळी सातला आईच्या छातीत दुखायला लागलं.

रस्त्याने जंक्शनचं हॉस्पिटल साडेपाच तास, डोंगराला वळसा घालून. रुळावरून पाऊण तास. गाडी समोर उभी, ती न्यायला आलेला नवा ड्रायव्हर ऑफिसच्या बाकावर चहा पीत बसलेला. फक्त परवानगी हवी होती. मी जंक्शनला फोन लावला. तिथले मास्तर जावईबापूच होते. म्हणाले, दादा, माझ्याकडे यंत्रावर अजून कालची गाडीच पोचलेली दिसत नाही, गोळा कुठे आहे?

मी म्हणालो, यंत्रात टाकला आहे, यंत्र अडकलं आहे.

का म्हणालो? निवृत्तीला आठ महिने राहिले होते. गोळा भेट म्हणून वाटणारा मास्तर आठ महिने नोकरीत राहत नाही. आणि आई तेव्हा बोलत होती, बारके. मला म्हणाली, पित्त झालं असेल, आलं दे. मला खरंच वाटलं की पित्त आहे. हे मी स्वतःला एकोणीस वर्षं सांगत आलो, आज तुला सांगतो.

ते म्हणाले, यंत्र बिघडलं असेल तर तपासनिसांनी स्वतः येऊन उघडून पाहिल्याशिवाय मला परवानगी देता येत नाही, काल मी स्वतः त्या गाडीने आलो असलो तरी नियम यंत्राचंच मानतो. पण गोळा हरवला असेल, कुणाकडे गेला असेल, तर तसं सांगा. मास्तर म्हणून तुम्ही तसं लिहून ठेवा, मी दहा मिनिटांत फोनवर परवान्याचा नंबर देतो, तुम्ही तिथेच कागद करून ड्रायव्हरला द्या. नियमात बसतं ते.

त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज अगदी खाली आणून विचारलं: "दादा, मी रागावणार नाही. गोळा कुठे आहे तेवढं फक्त सांगा."

मी म्हणालो, यंत्रात.

तपासनीस हातट्रॉलीवरून आले. दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्यांनी यंत्र उघडलं, गोळे मोजले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परवान्याचा कागद फाडून ड्रायव्हरला दिला. आई गाडीतच, तुमच्या जंक्शनच्या बाहेरच्या सिग्नलपाशी गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाला, दोन तास आधी आणायला हवं होतं.

पुढचं तू पाहिलंस. मी गाडीतून उतरलो आणि अख्ख्या फलाटासमोर त्यांना म्हणालो की तुमचं नियमाचं पुस्तक घ्या आणि तिच्या उशाला ठेवा. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. तू हातात गरम पाण्याचा थर्मास घेऊन उभी होतीस. तू म्हणालीस, "दादा, आता बास." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्यानंतर आठ महिने मी चार्जशीटची वाट पाहत होतो. टपाल आलं की आधी खात्याचं पाकीट शोधायचो. चार्जशीट आली नाही. उलट जावईबापूंना खालच्या पदावर उतरवून कुठल्या तरी आडवळणाच्या स्टेशनावर टाकलं असं कानावर आलं. मी समजलो, उशीर केल्याची शिक्षा. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सगळ्यांना सांगितलं, पाहा, खात्यालाही पटलं. स्वतःच्या पापाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटलेलं पाहून माणसाला झोप लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

चार वर्षांपूर्वी तो ड्रायव्हर गेला. त्याच्या मुलीने पार्सल पाठवलं, आत गोळा आणि चिठ्ठी: वडिलांनी सांगितलं होतं, माझ्यामागे हे मास्तरांना परत द्या. वहिनीला मी म्हणालो, जुनी आठवण आहे. तिने कपाटात ठेवला. दर हिवाळ्यात स्वेटर काढताना तो हाताला लागतो.

आईला मी मारलं असं म्हणत नाही. तिचं हृदय आजारी होतं. पण तिच्या वाटणीचे दोन तास चाळीस मिनिटं मी घेतले, आणि ते जावईबापूंनी घेतले असं जगाला सांगितलं.

हे वाचून तू काय करशील मला माहीत नाही. त्यांना वाचून दाखव, एवढंच मागतो.

दादा


१२ डिसेंबर

बारके,

काय लिहू, कुठून सुरू करू, काही सुचत नाही. क्रमानेच सांगतो.

तुला पत्र टाकून आल्यावर मी वहिनीला सगळं सांगितलं. तिने उठून कपाटातून गोळा काढला, माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बहिणीला लिहिलंत, चांगलं केलंत. पण बोललात ते फलाटावर, सगळ्यांसमोर. फेडायचं तेही सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी मी टेपवालीकडे गेलो. गोळा तिच्या हातात दिला आणि सोबत दोन पानी जबाब. गोळा मी भेट दिला, फोनवर मी खोटं बोललो, जंक्शनच्या मास्तरांचा काही दोष नव्हता, त्यांची शिक्षा चुकीची आहे. शेवटी लिहिलं की हिरवा झेंडा मी दाखवणार नाही, तो मान त्यांचा. पोरीने दोनदा वाचलं. मला वाटलं आता ही मला आजोबा म्हणायची नाही. ती म्हणाली, आजोबा, आधी चहा घ्या. मग म्हणाली, शिक्षा चुकीची आहे असं लिहिलंत तर मूळ फाईल मागवावी लागेल.

फाईल काल आली. तिने ती तशीच माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिली.

आत जावईबापूंचा जबाब आहे. आई गेल्यानंतर चौथ्या दिवसाची तारीख. त्यात लिहिलं आहे: 'निरोपाच्या कार्यक्रमानंतर मास्तरांच्या टेबलावर यंत्रात टाकण्यासाठी ठेवलेला गोळा मी पाहण्यासाठी उचलला व नजरचुकीने सोबत नेला. तो माझ्याकडून गहाळ झाला. गोळा यंत्रात आहे असाच मास्तरांचा प्रामाणिक समज होता. या प्रकरणी त्यांचा काहीही दोष नाही.'

मी त्यांना भरल्या फलाटावर नको ते बोललो, त्याला चार दिवस झाले होते तेव्हा.

शिक्षा उशिराची नव्हतीच. ती माझी होती. ज्या चार्जशीटची मी आठ महिने वाट पाहिली ती त्यांनी चौथ्याच दिवशी स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

एवढं वाचूनही मी बसून होतो. मग मी कागद उजेडाकडे धरला. सही त्यांची आहे, ती वाकडीतिकडी, कोंबडीचे पाय. तुला आठवतं, आई हसायची, म्हणायची, आमच्या जावईबापूंचं अक्षर डॉक्टरलासुद्धा लागायचं नाही, म्हणून सरकारी पत्रं बारकी लिहून देते.

सहीच्या वरचं सगळं तुझं अक्षर आहे.

'प्रामाणिक समज' हे शब्द तू लिहिलेस. 'मास्तरांचा' मधला तो लांब काना, शाळेत त्यावरून मी तुला चिडवायचो. तुला सगळं माहीत होतं. मी तीन आठवड्यांपूर्वी दोन तास खपून, देव जाणे किती धीर गोळा करून तुला जे कळवलं, ते तू माझ्यासाठी एकोणीस वर्षांपूर्वी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतंस.

मी वीस तारखेच्या गाडीत बसणार आहे. झेंडा न दाखवता, तिकीट काढून. तुम्ही फलाटावर आलात तर तिथे, नाही आलात तर दारात, दार उघडलं नाही तर पायरीवर, पण त्यांच्यासमोर उभा राहून सांगेन. उत्तर नाही आलं तरी येणार आहे.

दादा


१६ डिसेंबर

दादा,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिलं वाचून चुलीत घालणार होते. यांनी काढून घेतलं.

तिसरं मी त्यांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. 'यंत्रात' हा शब्द आला तेव्हा म्हणाले, "हो, असंच म्हणाला होता." शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, बिचाऱ्याने आलं दिलं का तिला? मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. तो ड्रायव्हर तिसऱ्याच दिवशी आमच्या दारात आला होता. बातमी ऐकून दोन बस बदलून, गोळा रुमालात बांधून. म्हणाला, हा परत घ्या, मास्तरांना काही होऊ देऊ नका. यांनी घेतला नाही. म्हणाले, तुम्हाला प्रेमाने दिलेला आहे, तुम्हीच ठेवा आणि कुणाला दाखवू नका. बाकी मी बघतो.

जबाब लिहायला मी तयार नव्हते. भांडले. आई माझीही होती. तू यांना जे बोललास ते मी ऐकलं होतं, आणि हे मला सांगत होते, त्याची आई गेली आहे, त्याची नोकरी जायला नको, तू लिही. मी लिहिलं. लिहिताना ठरवलं, दादा स्वतःच्या तोंडाने खरं सांगेल त्या दिवशी त्याच्याशी बोलेन, त्याआधी नाही. मला वाटलं होतं, महिना लागेल. फार तर वर्ष.

सहा वर्षं त्या आडगावात आम्ही दोघंच होतो. वीज नसलेलं, कंदिलाच्या दिवाबत्तीचं स्टेशन, दिवसाला दोन गाड्या. यांनी एकदाही तुझं नाव रागाने घेतलं नाही. मी रोज घ्यायचे. हेही तुला माहीत असू दे. मी माफ केलं आहे की नाही ते मला तुला पाहिल्यावर कळेल, आत्ता सांगता येत नाही.

सायकलींची शेड पाडली. काल रूळ जोडले. हे काठी टेकत जाऊन पाहून आले, ऐकत नाहीत. इथल्या यंत्राची सुई अजून 'गाडी जात आहे' वर आहे. ते यंत्र आणि तेव्हाचं रजिस्टर तुमच्या त्या टेपवाल्या मुलीने नेण्याआधी यांनी तिच्याकडून चार दिवस मागून घेतलं आहे. शेवटच्या गाडीच्या ओळीत 'पोचली' चा रकाना कोरा आहे. बदली होईपर्यंत तो त्यांनी कुणाला भरू दिला नाही, आणि नंतर कुणी भरलाच नाही.

तिच्याकडून गोळा मागून घे आणि घेऊन ये. झेंडा ते दाखवणार नाहीत म्हणतात, त्यांना फक्त फलाटावर खुर्ची हवी आहे. गोळा माझ्या हातात नको, त्यांच्या हातात दे. वहिनीला घेऊन ये.

पेन आतापासूनच खिशाला लावून बसले आहेत.

बारकी